आंबट तेवढं बंद

माझ्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बरणीवर चिठ्ठी असते, हे तुम्हा दोघांना लहानपणापासून माहीत आहे. साखर साखरेसारखी दिसते आणि मीठ मिठासारखं, तरी मी दोन्हीवर लिहिते. ओरोसच्या सरकारी कचेरीत मी तेहेतीस वर्षं जुन्या कागदपत्रांची खोली सांभाळली. तिथे एक गोष्ट अंगात मुरली: ज्या फायलीवर चिठ्ठी नाही, ती फाईल हरवलीच म्हणून समजायची. निवृत्त होऊन घरी आले आणि फायलींच्या जागी बरण्या आल्या. चिठ्ठ्यांसाठी मी नवा कागद कधी वापरत नाही. कॅलेंडरचा उलटून गेलेला महिना, लग्नपत्रिकेची कोरी बाजू, गोळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा, असं टाकून द्यायचं तेच कापून ठेवते.

तुमच्या आजोबांना याची भारी मौज वाटते. ते वालावलच्या मातीतले. शेत आणि काजू यांच्यापलीकडे त्यांनी कशाची फाईल ठेवलेली नाही. माझ्याशी आयुष्यभर मालवणीत बोलले आणि मी त्यांना आयुष्यभर पुस्तकी मराठीत उत्तरं दिली.

"माका पण एक चिठ्ठी लाव गो," ते म्हणायचे. "नायतर एक दिस बरणी समजान माका फडताळात ठेवतलंस."

आता जे लिहिणार आहे, त्यातलं निम्मं तुमच्यापैकी थोरलीला ठाऊक आहे. धाकट्याला काहीच सांगितलेलं नाही, कारण तेव्हा त्याची परीक्षा होती. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

मागच्या वर्षी आजोबांच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. गोव्याच्या इस्पितळात ती काढली आणि मग दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध सुरू झालं. हे घरात सगळे 'इंजेक्शन' म्हणत. कर्करोग हा शब्द आमच्या पडवीत कोणी उच्चारला नाही. औषध जहाल होतं. त्यानं त्यांच्या तोंडाची चव गेली. भात खाल्ला तर म्हणत, "पितळेची वाटी चावतंय असा वाटता." तरी पहिल्या दोन इंजेक्शनांपर्यंत ते ठीक होते. वजन त्रेपन्न किलो होतं. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "बाकी आम्ही बघतो, खाणं तुम्ही बघा. वजन उतरू देऊ नका." घरचं, ताजं, शिजवलेलं सगळं चालेल, उघड्यावरचं आणि फ्रिजमधलं थंडगार तेवढं नको, असंही ते म्हणाले होते.

खाणं मी बघायचं होतं. हे वाक्य मी फार मनावर घेतलं.

त्याच सुमारास थोरलीनं तिच्या प्रयोगशाळेतून छापून आलेला एक लेख पाठवला. खरं तर मीच तिच्या मागे लागले होते. एवढ्या लांब जाऊन ती नेमकं काय करते, हे मला कधी नीट कळलं नव्हतं. तो लेख कर्करोगावर आहे म्हटल्यावर मी त्याची छापील प्रत काढून आणली. एका बाजूला शब्दकोश, एका हातात पेन्सिल, समासात खुणा, असा तीन दुपारी तो वाचला. मला इंग्रजी येतं याचा मला अभिमान आहे, आणि तो असा अधूनमधून मला खड्ड्यात घालतो.

मला समजलं ते इतकं: लॅक्टेट नावाचा पदार्थ आहे, तो पेशीतल्या प्रथिनांना चिकटतो, चिकटला की त्या प्रथिनांचं वागणं बदलतं आणि कर्करोगाला वाढायला मदत होते. मग मी लॅक्टेट शोधलं. शब्दकोशानं मला लॅक्टिक आम्लाकडे पाठवलं, आणि लॅक्टिक आम्ल म्हणजे दही ज्यामुळे आंबतं ते.

मी पेन्सिल खाली ठेवली. माझ्या फडताळात, माझ्या हातानं विरजलेलं, मी रोज त्यांना वाढत होते!

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजच्या दारावर यादी लागली. दही बंद. ताक बंद. आंबोळी बंद, कारण पीठ रात्रभर आंबतं. हात लिहिता झाला की माझा थांबत नाही. सोलकढी बंद, आमसूल बंद, कैरी बंद, लोणचं बंद. यादीच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'आंबट तेवढं बंद'. खाली तारीख टाकून सहीसुद्धा केली.

आजोबा यादीसमोर बराच वेळ उभे राहिले.

"आणि बांगड्याक काय घालतलंस? सोल नाय तर?"

"बांगडा नुसता मीठ-मिरचीत."

"बांगड्यान काय गुन्हो केलो?"

"हे तुमच्या प्रकृतीसाठी आहे. थोरलीच्या लेखात आहे."

नातीचं नाव निघालं की ते गप्प होतात. तेव्हाही झाले. मात्र त्या दुपारी बांगड्याचा पहिला बिनसोलाचा, म्हणजे आमसुलाशिवायचा, तिखला ताटात पडला आणि त्यांनी बोटानं रस्सा चाखला.

"ह्यां तिखला की काढो गो? बघ, बांगडो थाळयेत रडता."

मी हसले नाही. शिस्तीचं काम करताना मला हसू येत नाही, हा माझा दोष तुमच्या आईनंही सांगितलेला आहे.

पहिल्या आठवड्यात त्यांनी तक्रार केली, दुसऱ्या आठवड्यात थट्टा केली, तिसऱ्या आठवड्यात दोन्ही थांबलं. ते निमूटपणे दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. पितळेची चव आलेल्या त्या तोंडाला एवढे दिवस तेवढं आंबटच कळत होतं, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. शेजारच्या सूनबाईच्या ध्यानात आलं. ती आमच्याकडे सकाळी नारळ खवायला, भांड्यांना हात लावायला येते आणि आम्हाला काका-काकी म्हणते.

"काकी, तोंडाक चव नाय तर काका जेवतले कशे? वायच सोलकढी द्या त्यांका."

"ते शास्त्रीय आहे गं. इंग्रजीत छापून आलंय."

"इंग्रजीत आंबट नसता काय?" असं म्हणून ती खोबरं खवायला लागली. माझ्या लेखी फाईल बंद झालेली होती.

तिसऱ्या इंजेक्शनाला गेलो, तेव्हा काटा पन्नासच्याही जरा खाली थांबला. डॉक्टरांनी रक्ताचा कागद पाहिला, आजोबांचे डोळे पाहिले आणि पेन खाली ठेवलं.

"आज देता येणार नाही. फार अशक्त झालेत. दोन आठवड्यांनी या. तोवर निदान एक्कावन्न झालेच पाहिजेत. असं पुढे पुढे जात राहिलं, तर मागे दिलेल्याचा उपयोग कमी होत जाईल." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "खाणं कसं आहे?"

"सगळं व्यवस्थित, ठरवून देते," मी म्हटलं. यादीची नक्कल माझ्या पर्समध्ये होती. ती मी बाहेर काढली नाही. खरं सांगायचं तर मला वाटलं, डॉक्टर कामात असतात, इतकं नवं त्यांनी कुठे वाचलं असणार. ती नक्कल तेव्हा टेबलावर ठेवली असती, तर पुढचं सगळं तिथेच संपलं असतं.

परत येताना बांद्याला थांबलो. तिथल्या ज्या हॉटेलात आपण गोव्याला जाता-येता थांबतो, तेच. गाडीवाला चहाला गेला. आजोबांसाठी मी उपमा मागवला आणि चटणीत कैरी आहे का विचारून घेतलं. पोऱ्या निघाला, तेवढ्यात आजोबा त्याला हळूच म्हणाले, "एक वाटी दही हाड रे."

दही आलं. वरती साय धरलेलं, घट्ट. मी ती वाटी उचलली आणि पोऱ्याच्या हातात परत दिली.

मला वाटलं ते भांडतील. ते म्हणाले, "ऱ्हवांदे." एवढंच. मग बाहेर रस्त्याकडे बघत बसले. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याशी कडाकडा भांडण केलेलं आहे, अबोला धरलेला आहे, एकदा माझी चिठ्ठ्यांची कात्री विहिरीत टाकलेली आहे. पण 'ऱ्हवांदे' म्हणून विषय सोडून दिलेला मी पहिल्यांदाच पाहिला. माणूस हट्ट सोडतो तेव्हा भीती वाटते, हे मला त्या हॉटेलात कळलं.

घरी पोचल्यावर थोरलीला फोन लावला. आपल्याकडे संध्याकाळ, तिच्याकडे सकाळ. मला वाटलं होतं, ती मला शाबासकी देईल आणि अजून काय बंद करायचं ते सांगेल.

"तुझ्या लेखातलं सगळं काटेकोर पाळतेय बघ," मी म्हटलं. "तीन आठवडे दह्याचा थेंब नाही, आंबोळी नाही. तरी वजन उतरलं आणि इंजेक्शन पुढे गेलं."



"आजी, दही कशासाठी बंद केलंस?"

"लॅक्टेट!" मी म्हटलं.

मग ती फार हळू बोलली. लहानपणी तिच्या हातून काही फुटलं की ती असंच बोलायची. "आजी, ते लॅक्टेट बाहेरून येत नाही गं. कर्करोगाची पेशी ते स्वतः बनवते. तिला वाढायची घाई असते. ती साखर सावकाश, पुरती जाळत नाही, अर्धवट वापरते आणि उरलेलं टाकते. ते उरलेलं म्हणजे लॅक्टेट. ते गाठीतच तयार होतं. आजोबांच्या ताटातून जात नाही."

"पण दह्यात तेच असतं ना? मी शोधून बघितलंय."

"पदार्थ तोच आहे, तू बरोबर शोधलंस. पण दह्यातलं पोटातून यकृतात जातं आणि तिथे वापरून संपतं. आजोबा काजूच्या बागेचा चढ चढले तरी त्यांच्या पायांत लॅक्टेट होतं. तेही शरीर वापरून टाकतं."

"मग ते चिकटतं असं लेखात आहे, ते काय?"

"तुझ्या चिठ्ठ्यांसारखं," ती म्हणाली. "हे बघ, तुझ्या फडताळात किती बरण्या आहेत? समज, आपल्या प्रत्येक पेशीकडे तसंच फडताळ आहे, त्याच बरण्या. म्हणजे जनुकं. आतड्याच्या पेशीनं आपल्या कामाच्या तेवढ्या उघडायच्या, बाकीच्यांना हात लावायचा नाही. हे सगळं डीएनएच्या लांब धाग्यावर असतं, आणि तो धागा प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो—"

"बरण्या की रिळं? एक काहीतरी सांग."

ती हसली. मलाही जरा बरं वाटलं. "बरण्याच. त्यांच्याजवळ चिठ्ठ्या चिकटतात. चिठ्ठी बघून ठरतं, कुठली बरणी उघडायची. लॅक्टेट ही तशी एक चिठ्ठी आहे. बरणीतलं तिनं बदलत नाही. पण गाठीत लॅक्टेट साचलं की भलत्या ठिकाणी चिठ्ठ्या लागतात. वाढीच्या बरण्या उघड्याच राहतात. शरीराचे पहारेकरी असतात ना, त्यांच्यापासून लपायच्या उघडतात. कधी कधी औषधाला दाद न द्यायच्यासुद्धा."

"आणि चिठ्ठीचा कागद तिनं टाकलेलाच," मी म्हटलं.

"अगदी तेच, आजी! इतकी वर्षं सगळे लॅक्टेटला नुसता कचरा समजत होते. तू कॅलेंडरचं जुनं पान कापतेस ना, तसं ती पेशी आपलाच कचरा कामाला लावते."

मला सगळं लख्ख समजलं. माझी पद्धत त्या गाठीनं उचलली, याचा थोडा रागही आला.

"मग त्या चिठ्ठ्या काढायचं औषध द्या ना."

"तेच शोधतोय. चिकटवतं कोण, काढतं कोण, हे आता कुठे थोडंथोडं कळायला लागलंय. सगळीकडे लॅक्टेट वाईटच वागतं असंही नाही. आणि माझ्या पेशी काचेच्या ताटलीत आहेत, आजी. तिथून आजोबांच्या ताटापर्यंत फार लांबचा रस्ता आहे. मी नुसता लेख पाठवला, चार ओळी लिहायला हव्या होत्या. माझंही चुकलं."

"मग आमसूल?"

"आमसूल का बंद आहे?"

"आंबट म्हणून."

"आजी, आमसुलाचा आंबटपणा वेगळाच! तो लॅक्टेटचा नसतोच."

"बरं. ती अर्धवट साखर जाळते म्हणालीस, तर मग साखर बंद—"

"आजी! त्यांना जेवू दे! काही म्हणजे काही बंद करू नकोस. आणि उद्या डॉक्टरांना फोन करून ती यादी वाचून दाखव."

फोन ठेवला आणि मी पडवीत गेले. आजोबा खुर्चीत अंगावर पंचा घेऊन बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चूक झाली तर वरिष्ठांसमोर उभं राहून, कारण न देता सांगायची, ही कचेरीतली सवय. ते ऐकत होते. चिठ्ठ्यांपाशी आले तेव्हा त्यांच्या मिशा हलल्या.

"म्हणजे तीन आठवडे माका फुकट उपाशी ठेवलंस?"

"हो."

"बांगडे पण फुकट मेले?"

"हो."

त्यांनी जरा विचार केला. "तांदूळ भिजत घाल आंबोळयांक. रागवाचा काय तां मगे बघतंय."

मी आत येऊन यादी काढली. खळ घट्ट बसली होती, ओल्या फडक्यानं सोडवावी लागली. सकाळी डॉक्टरांना फोन करून यादी अक्षरन् अक्षर वाचून दाखवली. ते आधी थांबले, मग म्हणाले, "आजी, पुढच्या वेळी माझ्यासमोर वाचा." खवट वगैरे काही नको आणि जेवण थोडं थोडं पण वारंवार द्या, एवढंच त्यांचं सांगणं.

पुढचे दोन आठवडे आमच्या घरात दुसरं काम नव्हतं. शेजारची सूनबाई घरच्या आमसुलांची पिशवी घेऊन आली. ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "इंग्रजीत आता काय छापून इला, काकी?" मी तिला चहा दिला. तेवढं तिचं माझ्याकडे येणं निघत होतंच. सकाळी आंबोळी आणि काळ्या वाटाण्यांची उसळ, दहा वाजता पेज, दुपारी मऊ भात आणि सोलाचा तिखला, संध्याकाळी कोमट सोलकढी. पहिल्या दिवशी त्यांनी अर्धी आंबोळी खाल्ली. चौथ्या दिवशी दोन. सोलकढीची वाटी तोंडाला लावली की डोळे मिटायचे, आणि मी मुद्दाम फडताळाकडे तोंड करून बरण्या पुसत राहायची.

घरात वजनाचा काटा नाही. त्यामुळे काय होतंय ते कळायला मार्ग नव्हता. मी त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाच्या पट्ट्याची भोकं बघायची. पट्टा तिथल्या तिथेच होता.

इंजेक्शनाच्या दिवशी निघताना त्यांनी हट्टानं जाडी पँट घातली. इस्पितळात नर्सबाईंनी काट्यावर उभं राहायला सांगितलं, ते पुढे झाले, आणि खण् असा आवाज आला. नर्सबाईंनी मान वर केली नाही. पण तेहेतीस वर्षं ज्या खोलीत पानाचाही आवाज होऊ द्यायचा नाही, तिथे बसलेल्या बाईच्या कानातून तो सुटणार नव्हता.

"खिशात काय आसा?" मी विचारलं. माझ्या तोंडून मालवणी गेली हे मलाही नंतर कळलं.

"काय नाय गो."

"दाखवा."

एका खिशातून अडकित्ता निघाला. दुसऱ्यातून गोठ्याच्या कुलपाच्या किल्ल्यांचा जुडगा आणि तराजूचं अर्ध्या किलोचं लोखंडी वजन. नर्सबाई हसायलाच लागल्या. मी मात्र रागावले. औषध वजनावर मोजून देतात, खोटं वजन दाखवून कसं चालेल, हे सगळ्यांसमोर त्यांना सुनावलं.

ते हळूच, मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाले, "काटो खाली इलो तर तू परत जेवची नाय. मागच्या वेळी दोन दिस जेवक नाय होतंस. माका दिसत नाय काय?"

अडकित्ता, किल्ल्या आणि वजन मी पर्समध्ये घातलं. ते पुन्हा काट्यावर चढले. आकडे जरा इकडेतिकडे झाले आणि थांबले. एक्कावन्न किलो, वर चारशे ग्रॅम. नर्सबाईंनी कागदावर लिहिलं आणि म्हणाल्या, "चला आजोबा, आज पलंग नंबर तीन."

औषध तीन तास चाललं. ते झोपले होते. मी बाजूच्या खुर्चीत बसून त्या थेंबांकडे बघत होते. आत कुठे एखादी पेशी उरली असेल, तर आपल्याच कचऱ्याच्या चिठ्ठ्या करून बरण्यांना लावत असेल, असं मनात आलं. थोरली तिकडे काचेच्या ताटलीवर वाकून त्याच चिठ्ठ्या वाचत असेल. माझ्या वाट्याला आलेलं काम त्या मानानं सोपं होतं.

परतताना बांद्याला थांबलो. तेच हॉटेल, तोच पोऱ्या. त्यानं मला ओळखलं असावं, कारण तो टेबलापासून जरा लांबच उभा राहिला. आजोबांचा चेहरा उतरलेला होता, औषधाच्या दिवशी उतरतोच. त्यांनी दोन बोटं वर केली.

"दोन वाट्यो दही हाड. थंड नको."

"दोन कशाला?" मी म्हटलं. "आज एकच खा, पोटाला झेपेल तेवढं."

"एक माका," ते म्हणाले. "दुसरी तुका. तू पण तीन आठवडे माझ्यावांगडा आंबट खावक नाय. यादीयेत तुझा नाव नव्हता."

दोन वाट्या आल्या. पोऱ्यानं त्या आजोबांच्या बाजूला ठेवल्या, माझ्या हाताला लागणार नाहीत अशा. आजोबांनी त्यातली एक माझ्याकडे सरकवली आणि मी खाईपर्यंत आपल्या वाटीत चमचा घातला नाही.